खुकरी : दीवच्या समुद्रात विसावलेली युद्धनौका

आयएनएस खुकरी ही भारतीय नौदलाची पाणबुडीविरोधी फ्रिगेट ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर अरबी समुद्रात बुडाली. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने सोडलेला पाणतीर तिच्या तळाशी फुटला आणि पाहता पाहता ती लाटांखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण, तिच्याबरोबर गेले. जहाजाचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हेही त्यांत होते. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत शत्रूच्या हल्ल्यात भारतीय नौदलाने गमावलेली ही एकमेव युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली पहिली युद्धनौका म्हणूनही जगाच्या नाविक इतिहासात तिची नोंद आहे.

जिथे ती बुडाली तिथे पाण्याशिवाय काही दिसत नाही. तिची आठवण जपणारी सर्वांत जवळची भूमी म्हणजे दीव. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, एका अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून तुटलेले हे छोटे बेट. महाराष्ट्रातून सोमनाथ आणि गीरला जाणारे बरेच प्रवासी शेवटचा एक दिवस दीवसाठी राखून ठेवतात. मुंबईहून रेल्वेने वेरावळ गाठावे, तिथून कोडीनार आणि ऊना या गावांवरून सुमारे ९० किलोमीटर रस्त्याने जावे, ही रुळलेली वाट. मीही याच वाटेने गेलो. ऊना सोडल्यावर हवेत खारटपणा जाणवू लागतो. घोघल्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला किल्ल्याची तटबंदी आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा दुर्ग नजरेस पडतो. बेटावर शिरताच फांद्या फुटलेली होक्याची ताडासारखी झाडे दिसू लागतात.

खुकरीची कथा नीट समजून घ्यायची तर आधी दीवच्या किल्ल्यावर जावे. या बेटाचा इतिहास मुळात आरमारांचा इतिहास आहे. १५०९ मध्ये याच समुद्रात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने इजिप्तचे मामलुक, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा राजा सामुद्री यांच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला आणि पश्चिम हिंदी महासागरातील व्यापाराच्या वाटा पोर्तुगिजांच्या हाती गेल्या. हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३५ मध्ये पोर्तुगिजांना येथे किल्ला बांधू दिला. १५३८ आणि १५४६ च्या दोन मोठ्या वेढ्यांतून तो टिकला. खडकात खोदलेला खंदक, तटावर अजूनही समुद्राकडे तोंड करून असलेल्या तोफा आणि टोकावरचे दीपगृह यांतून या जागेचे महत्त्व आपोआप कळते. खंबातच्या आखाताकडे जाणारी आणि सौराष्ट्राला वळसा घालून सिंध व इराणी आखाताकडे जाणारी जहाजे दीवच्या दक्षिणेकडूनच पुढे जातात. या टोकावर लक्ष ठेवणाऱ्याला पश्चिम किनाऱ्यावरची ये-जा दिसते. आल्मेदाच्या काळी हे खरे होते आणि १९७१ मध्येही खरे होते.

पोर्तुगीज सत्ता इथून गेली ती १९ डिसेंबर १९६१ रोजी. गोवा, दमण आणि दीव मुक्त करणाऱ्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये आयएनएस दिल्ली या क्रूझरने दीवच्या पोर्तुगीज ठाण्यांवर तोफा डागल्या. त्याच मोहिमेत विमानवाहू आयएनएस विक्रांतच्या गटाला सोबत करणाऱ्या जहाजांत खुकरी होती. जहाज नवेच होते, सेवेत येऊन तीनच वर्षे झाली होती. ज्या मोहिमेने दीव भारतात आले तिच्यात भाग घेतलेले हे जहाज पुढे दहा वर्षांनी, त्याच डिसेंबर महिन्यात, त्याच दीवच्या समुद्रात बुडाले.

किल्ल्यापासून दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे निघाले की चक्रतीर्थाच्या परिसरात, समुद्रालगतच्या उंचवट्यावर खुकरी स्मारक लागते. काचेच्या बंदिस्त दालनात खुकरीची प्रतिकृती ठेवलेली आहे. मागे समुद्राखेरीज काहीही नाही. १५ डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे जहाज बुडाल्यानंतर २८ वर्षांनी, नौदलाच्या पश्चिम विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल माधवेंद्र सिंह यांच्या हस्ते या स्मारकाचे उद्घाटन झाले. दीवला येणारे बहुतेक प्रवासी इथे सूर्यास्त पाहायला येतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. मी मात्र प्रतिकृतीभोवती बराच वेळ फिरत राहिलो. ती लक्षपूर्वक पाहिली तर जहाजाच्या सामर्थ्याइतक्याच त्याच्या मर्यादाही दिसतात.

खुकरी ब्रिटिश ‘ब्लॅकवुड’ वर्गाची फ्रिगेट होती. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर, काऊज येथील जे. सॅम्युएल व्हाइट या कारखान्यात २९ डिसेंबर १९५५ रोजी तिच्या बांधणीला सुरुवात झाली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १६ जुलै १९५८ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. या वर्गाची १२ जहाजे ब्रिटनने स्वतःसाठी बांधली आणि तीन भारताने घेतली : खुकरी, कृपाण आणि कुठार. पुढे या तिघींची मिळून १४ वी फ्रिगेट स्क्वाड्रन झाली.

ब्लॅकवुड वर्गाची कल्पना युद्धोत्तर ब्रिटनच्या गरजेतून आली. सोव्हिएत पाणबुड्यांपासून अटलांटिकमधील व्यापारी तांड्यांचे रक्षण करण्यासाठी पुष्कळ जहाजे हवी होती, पण तिजोरीत पैसा नव्हता. म्हणून एकच काम करणारे, लहान, स्वस्त आणि लवकर बांधता येईल असे जहाज आखले गेले. लांबी सुमारे ९४ मीटर, रुंदी सुमारे १० मीटर, भरलेल्या स्थितीत वजन सुमारे १,४५० टन. इंजिनांची ताकद १५,००० अश्वशक्ती, पण ती सारी एकाच पंख्यावर. मोठ्या तोफा नव्हत्याच, होत्या त्या ४० मिलिमीटरच्या तीन बोफर्स. पाण्याखालच्या शत्रूसाठी मात्र ‘लिंबो’ जातीच्या दोन उखळी तोफा होत्या. प्रत्येकीला तीन नळ्या. ‘सोनार’ या ध्वनियंत्रणेने पाणबुडी हेरली की त्यांतून स्फोटके दूर फेकून तिच्याभोवती ठरावीक खोलीवर फोडता येत. पन्नाशीच्या दशकातल्या पाणबुड्यांसमोर हे चांगले शस्त्र होते. पण त्याची सारी मदार एका गोष्टीवर होती. पाणबुडी आधी ऐकू यायला हवी.

आणि इथेच १९५८ ते १९७१ या तेरा वर्षांनी घात केला. खुकरीचे सोनार ज्या पाणबुड्या डोळ्यांसमोर ठेवून बनवले होते त्यांच्यापेक्षा पाणबुड्या फार पुढे गेल्या. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या होत्या आणि सौराष्ट्राचा किनारा किती उघडा आहे हे दिसले होते. त्यानंतर पाकिस्तानने फ्रान्सकडून ‘डाफ्ने’ वर्गाच्या तीन नव्या पाणबुड्या घेतल्या : हंगोर, शुशुक आणि मांग्रो. ब्रेस्ट येथे बांधलेली हंगोर १ डिसेंबर १९६९ रोजी सेवेत आली. बॅटरीवर जवळजवळ निःशब्द चालणारी, पाणतीर सोडण्याच्या १२ नळ्या असलेली आणि जहाजांचा आवाज दुरून टिपणारी संवेदनशील यंत्रणा असलेली ही पाणबुडी होती. तिचे प्रमुख होते कमांडर अहमद तस्नीम.

जहाज आणि पाणबुडी यांच्यातील सामना ध्वनीवर लढला जातो. जहाजाचे सोनार पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते, तो पाणबुडीवर आदळून परत आला की तिची दिशा आणि अंतर कळते. हा ठोका जाऊन परत यावा लागतो. पाणबुडीला मात्र तो फक्त एका दिशेने येऊन पोहोचला तरी पुरतो. म्हणून सोनार चालू ठेवून शोध घेणारे जहाज अंधारात कंदील घेऊन चोर शोधणाऱ्या माणसासारखे असते. त्याला काही दिसण्याआधी तोच दुसऱ्याला दिसतो. त्यात उष्ण कटिबंधातील समुद्राची भर पडते. वरचे पाणी उन्हाने तापलेले आणि खालचे थंड असते. या दोन थरांच्या सीमेवर ध्वनी खाली वाकतो आणि तिच्या आड दडलेल्या पाणबुडीपर्यंत ठोका नीट पोहोचतच नाही. अटलांटिकच्या थंड पाण्यासाठी घडवलेली यंत्रणा अरबी समुद्रात त्यामुळेच तोकडी पडत होती.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न मुंबईत चालू होता. नौदलाचे लेफ्टनंट व्ही. के. जैन भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करताना जुन्या सोनारचा पल्ला वाढवणारे एक उपकरण विकसित करीत होते. ते खुकरीवर बसवले होते आणि स्वतः जैनही जहाजावर होते. या उपकरणाचा उपयोग व्हायचा तर जहाजाचा स्वतःचा आवाज कमी ठेवावा लागे, म्हणजेच वेग कमी करावा लागे. पाणबुडीच्या शोधात हळू आणि ठरावीक वाटेने चालणे धोक्याचे असते. पण लांबवर ऐकायचे असेल तर तेवढा धोका पत्करणे भाग होते.

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी भारतीय हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. नौदलाने पहिल्याच दिवसांत विलक्षण वेगाने घाव घातले. पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला करून ‘खैबर’ विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’ या क्षेपणास्त्र नौकेने पुन्हा कराचीवर मारा केला आणि तिथल्या केमारी भागातले तेलसाठे पेटले. याच काळात १४ व्या स्क्वाड्रनला पहिला फटका बसला. कुठारच्या यंत्रकक्षात स्फोट झाला आणि तिला ओढत मुंबईला आणावे लागले. तीन जहाजांच्या पथकात आता दोनच उरली.

हंगोर युद्धापूर्वीच कराचीहून निघाली होती आणि नोव्हेंबरच्या अखेरपासून मुंबईसमोरच्या समुद्रात दबा धरून होती. भारतीय ताफा मुंबईतून बाहेर पडताना तिने जवळून ऐकला, पण युद्ध अजून सुरू झालेले नसल्याने तिला हल्ल्याची मुभा नव्हती. पुढे तिच्या वातानुकूलन यंत्रणेत बिघाड झाला आणि दुरुस्तीसाठी तिला पाण्यावर यावे लागले. आसपास मासेमारी नौका होत्या. त्यांच्या गर्दीत मिसळून, बराच काळ उघड्यावर राहून तिने दुरुस्ती पुरी केली आणि ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे वळली. भारतीय जहाजांच्या हालचालींची माहिती तिने कराचीला रेडिओवरून कळवली. ते संदेश भारतीय केंद्रांनीही टिपले. दीवच्या नैर्ऋत्येस पाणबुडी वावरत आहे हे मुंबईला समजले आणि तिचा निकाल लावण्याची कामगिरी १४ व्या स्क्वाड्रनकडे आली. ८ डिसेंबरला खुकरी आणि कृपाण मुंबईतून निघाल्या.

मुंबई हे खुकरीचे घरचे बंदर. कुलाब्यात नौसैनिकांची कुटुंबे राहत. ही दोन जहाजे निघाली तेव्हा त्यांच्यावरच्या माणसांना आपण कशाच्या शोधात जात आहोत याची कल्पना होती. कॅप्टन मुल्ला यांना ती सर्वांत जास्त होती. १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे जन्मलेले मुल्ला १ मे १९४८ रोजी नौदलात अधिकारी झाले. ते खुकरीचे प्रमुख होते आणि साऱ्या स्क्वाड्रनचेही. नव्या डाफ्ने पाणबुडीसमोर आपले सोनार अपुरे आहे हे त्यांना माहीत होते. तरीही पाणबुडीला त्या पाण्यात मोकळे सोडणे शक्य नव्हते. कराचीवर चालून जाणारी आणि मुंबईला परतणारी प्रत्येक भारतीय नौका त्याच वाटेवर होती.

९ डिसेंबरच्या सकाळी हंगोरला दोन जहाजांचा आवाज लागला. दिवसभर ती त्यांच्या मागावर राहिली. पाण्याखाली तिला जहाजांचा वेग गाठता येत नव्हता, म्हणून तस्नीम यांनी त्यांच्या फेऱ्यांचा आकृतिबंध नोंदवायला सुरुवात केली. खुकरी आणि कृपाण सुमारे १२ नॉट वेगाने चौकोनी पट्टा धरून शोध घेत होत्या. अंधार पडेपर्यंत हंगोरला त्यांची पुढची वाट कळून चुकली. ती जाऊन त्याच वाटेवर थांबली. जहाजे आपणहून तिच्याकडे येत होती.

पहिला पाणतीर कृपाणच्या दिशेने सुटला. तो तिच्याखालून गेला, पण फुटला नाही. आता जहाजांना हल्ला कळण्याची शक्यता होती. तस्नीम यांनी लगेच दुसरा पाणतीर खुकरीवर सोडला. ध्वनीच्या रोखाने जाणारा हा पाणतीर तिच्या तळाखाली दारूगोळ्याच्या कोठाराजवळ फुटला. रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. त्यापाठोपाठ आणखी स्फोट झाले, दिवे गेले, जहाज कलले. साऱ्या जहाजाला पुढे नेणारा पंखा एकच, पोलाद पातळ, पाणी अडवणारी दालने मोजकी. स्वस्तात बांधलेल्या जहाजाला असा आघात सोसणारा नव्हता. डेकखाली असलेल्या बहुतेकांना वर येण्याची संधीच मिळाली नाही.

कॅप्टन मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. मिळालेल्या थोड्या क्षणांत जितके सैनिक बाहेर पडतील तितके पडावेत म्हणून ते शांतपणे सूचना देत राहिले. स्वतःचे लाइफ जॅकेट त्यांनी एका नौसैनिकाला दिले. जितक्यांना समुद्रात उतरवणे शक्य होते तितके उतरल्यावर, आणखी कुणाला वाचवता येते का हे पाहण्यासाठी ते पुन्हा ब्रिजवर गेले. पाण्यात पडलेल्यांनी त्यांना शेवटचे पाहिले ते ब्रिजवरच. जहाज बुडाले आणि ते त्याच्याबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. टपाल खात्याने २००० साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुलाब्याच्या नेव्ही नगरमधील सभागृहाला त्यांचे नाव आहे.

हंगोरने तिसरा पाणतीर कृपाणवर सोडला. कृपाण वेग वाढवून त्याच्या टप्प्याबाहेर गेली. पाणबुडी अजून जवळ असताना बुडणाऱ्यांसाठी थांबणे म्हणजे दुसरे जहाजही गमावणे, हा एक विचार. पाण्यात सहकारी असताना दूर जाणे योग्य होते का, हा दुसरा. या प्रश्नावर नौदलात आणि बाहेर नंतर बरीच चर्चा झाली, आणि ती अजूनही पूर्णपणे शमलेली नाही. वाचलेल्यांनी ती रात्र तेलाने माखलेल्या पाण्यात, तराफ्यांना धरून काढली. दुसऱ्या दिवशी कृपाण आणि कछाल या जहाजांनी ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिकांना बाहेर काढले. त्यांच्या आठवणी पुढे मेजर जनरल इयान कार्डोझो यांच्या पुस्तकात संकलित झाल्या आणि खुकरीवरच्या शेवटच्या मिनिटांची आपल्याला असलेली बरीचशी माहिती तिथूनच येते.

यानंतर चार दिवस जहाजांनी आणि विमानांनी हंगोरचा कसून पाठलाग केला. तिच्यावर स्फोटकांचा मारा होत राहिला, पण ती सुटली आणि कराचीला पोहोचली. तस्नीम यांना ‘सितारा-ए-जुर्रत’ मिळाला. पाकिस्तानी नौदल ९ डिसेंबर हा दिवस ‘हंगोर दिन’ म्हणून पाळते आणि ती पाणबुडी आज कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे. खुकरी बुडाल्याने युद्धाची दिशा बदलली नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. पण कराचीवरचा आखलेला तिसरा क्षेपणास्त्र हल्ला सोडून द्यावा लागला, कारण त्यासाठी लागणारी साधने पाणबुडीच्या शोधात गुंतली होती. एकट्या पाणबुडीने एक जहाज बुडवून साऱ्या ताफ्याला बांधून ठेवले.

खुकरीच्या शेवटाकडे पाहताना कॅप्टन मुल्लांचा त्याग प्रथम आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण तेवढ्यावर थांबणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. त्या रात्री माणसे कमी पडली नाहीत, साधने कमी पडली. सोनार जुने, जहाज हलके, दोनच जहाजांचे पथक, आणि शोधल्या जाणाऱ्यालाच शोधणाऱ्यापेक्षा लांबचे ऐकू येत होते. पाणबुडीचा शोध घेताना जहाजांबरोबर हेलिकॉप्टर हवे, कारण त्याला पाणतीराची भीती नसते आणि ते सोनार पाण्यात सोडून कुठल्याही बाजूने येऊ शकते. भारताने घेतलेली ‘सी किंग’ हेलिकॉप्टरे त्याच वर्षी नौदलात आली होती आणि अजून पुरेशी नव्हती. पुढच्या काळात भारतीय युद्धनौकांची बांधणी हेलिकॉप्टर धरूनच होऊ लागली आणि देशात सोनार घडवण्याच्या कामाला जोर आला. पाण्याखालचा धोका किती मोठा आहे हे नौदलाने १९७१ मध्ये फार मोठी किंमत देऊन जाणले.

नौदल बुडालेल्या जहाजाचे नाव सोडत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली नवी आयएनएस खुकरी ही क्षेपणास्त्र कॉर्व्हेट २३ ऑगस्ट १९८९ रोजी सेवेत आली. देशातच बांधलेल्या या वर्गातली ती पहिली. तिला सेवेत दाखल करण्याच्या समारंभात तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासह कॅप्टन मुल्ला यांच्या पत्नी सुधा मुल्ला होत्या. पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही ताफ्यांत तिने काम केले, २८ अधिकाऱ्यांनी तिचे नेतृत्व केले आणि ६ लाख ४४ हजारांहून अधिक सागरी मैलांचा प्रवास करून ती २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली. साधारणपणे निवृत्त जहाज भंगारात जाते. या जहाजाला दीवला आणण्यात आले आणि २६ जानेवारी २०२२ रोजी ते संग्रहालय करण्यासाठी दीव प्रशासनाच्या स्वाधीन झाले.

त्यामुळे आज एकाच बेटावर खुकरीची दोन रूपे आहेत : चक्रतीर्थाजवळ काचेतली पहिली खुकरी, आणि तिचे नाव घेऊन ३२ वर्षे समुद्रावर राहिलेली प्रत्यक्ष दुसरी. दोन्ही एकाच दिवशी पाहता येतात, आणि त्याच क्रमाने पाहावीत. पहिलीपाशी जहाजाचा आकार आणि त्याचा शेवट कळतो. युद्धनौकेत माणसे कशी राहतात हे दुसरीपाशी कळते : उभे जिने, डोके वाकवून ओलांडायची लोखंडी दारे, एकावर एक झोपण्याच्या जागा. अशा जागेत, पाण्याच्या पातळीखाली, दिवे गेल्यावर आणि जहाज कलल्यावर बाहेरची वाट शोधणे किती अवघड असेल, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा इथे जास्त स्पष्ट होते. इतके जण का वाचू शकले नाहीत याचे उत्तर याच अरुंद वाटांत आहे.

स्मारकावर मी होतो तेवढ्या वेळात पुष्कळ माणसे आली आणि गेली. त्यांतले थोडेच जण काचेतल्या जहाजाविषयीचा मजकूर वाचत होते. दोष त्यांचा नाही. १९७१ म्हटले की आपल्याला ढाका आठवते, कराचीची आग आठवते. विजयाच्या त्या तेरा दिवसांत १९४ जणांचे जहाज गेले, हे शाळेच्या पुस्तकात क्वचित असते. मुंबईतून निघालेले आणि परत न आलेले हे जहाज महाराष्ट्राच्या आठवणीत तरी ठळक असायला हवे. ४ डिसेंबरचा नौदल दिन आपण कराचीवरच्या हल्ल्यासाठी साजरा करतो. त्यानंतर पाचच दिवसांनी ९ डिसेंबर येतो, हेही लक्षात ठेवावे.

सोमनाथ, गीर आणि दीव असा प्रवास आखणाऱ्यांनी सूर्यास्ताच्या आधी तासभर खुकरी स्मारकासाठी राखून ठेवावा. मुले बरोबर असतील तर त्यांना जहाजाची आणि त्यावरच्या माणसांची गोष्ट सांगावी, आणि केवळ कॅप्टनची नव्हे तर सर्व १९४ जणांची सांगावी. सैनिकाकडून शौर्याची अपेक्षा करण्याचा अधिकार देशाला आहे, पण साधनांतली उणीव त्याच्या प्राणाने भरून काढण्याचा नाही.